ओबाचान काय म्हणाली

“इरु?” खालून आवाज आला.

आहेस का, असं ती विचारत होती. मी कौलांच्या ढिगाऱ्यावर पालथी पडले होते. दोन तुळयांमधल्या फटीला तोंड लावून म्हटलं, “इमास.” आहे.

“लागलंय का कुठे तुला?”

“नाही.”

“पायात काय घातलंयस?”

मी पायांकडे पाहिलं. झोपताना घातलेले लोकरीचे मोजे होते आणि उजवा मोजा टाचेपाशी ओला लागत होता. अंधारात रंग दिसत नव्हता. “काही नाही,” मी म्हटलं.

“काचा असतील सगळीकडे. आधी काहीतरी पायात घाल, मग ये.”

तिच्या अंगावर अख्खं घर पडलं होतं आणि ती माझ्या पायांची चौकशी करत होती. मी रडायला लागले. ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड फटीपासून बाजूला घेतलं.

ही ओकुबो फुमिए, माझी घरमालकीण. वय बहात्तर. मी तिला ओबाचान म्हणायचे, म्हणजे आजीच. कोबे शहराच्या नागाता भागात, अरुंद गल्लीत तिचं जुनं दुमजली लाकडी घर होतं. खालच्या मजल्यावर ती एकटी राहायची, वरची खोली मला भाड्याने दिली होती. गल्लीत घरोघरी चपला-बुटांचे छोटे कारखाने होते. ओबाचानसुद्धा सकाळी चार तास समोरच्या कानेमोतोंच्या कारखान्यात बुटांना तळवे चिकटवायला जायची. गल्लीभर रबराचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास असायचा. पहिल्या आठवड्यात त्या वासाने माझं डोकं दुखलं, नंतर तो मला घरचा वाटायला लागला.

मी वाईची, ज्योत्स्ना पिसाळ. वडील एस.टी.त वाहतूक नियंत्रक. पुण्याला वसतिगृहात राहून बी.कॉम. करता करता मी जपानी शिकले, आणि यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने मला वर्षभरासाठी कोबेला धाडलं. सकाळी भाषेची शाळा, दुपारी त्यांच्या भागीदार कंपनीच्या कचेरीत कागदपत्रं. तेवीस वर्षांची होते. त्याआधी महाराष्ट्राबाहेर एकदाच, हंपीच्या सहलीला गेले होते. कोबेत पाच घरमालकांनी परदेशी मुलगी नको म्हणून नम्रपणे मान हलवली. ओबाचानने विचारलं, “रात्री जिन्यावर धावतेस का?” मी नाही म्हटलं, तर तिने किल्ली दिली.

ती माझ्याशी सावकाश, सोपं, पुस्तकातल्यासारखं जपानी बोलायची. मी चुकले तर तेच वाक्य बरोबर करून परत म्हणायची. तिच्यामुळे आठ महिन्यांत मला बोलायचं धाडस आलं होतं.

त्या दिवशी, १७ जानेवारी १९९५ला, पहाटे पावणेसहाच्या सुमाराला मला कोणीतरी गादीसकट उचलून आपटल्यासारखं झालं. भूकंप आहे हे कळायलाही वेळ मिळाला नाही. कपाट आडवं पडलं ते माझ्या डोक्याच्या वीतभर पलीकडे. सगळं थांबल्यावर मी चाचपडत जिन्याच्या दाराशी गेले, तर दारापलीकडे मातीची भिंत उभी होती. जिनाच नव्हता. वळून खिडकीशी आले, काच फुटली होती, खाली उडी मारावी लागणार म्हणून मनाचा हिय्या करून पाय बाहेर टाकला, आणि तो पाय सरळ रस्त्याला टेकला.

वरचा मजला खाली येऊन बसला होता. खालचा मजला कुठे गेला हे समजायला मला थोडा वेळ लागला.

मी घराभोवती फिरले. खरं तर ‘भोवती’ असं काही उरलंच नव्हतं, शेजारचं घर आमच्या घरावर रेललं होतं. “ओबाचान, ओबाचान,” असं मी कितीदा ओरडले कोण जाणे. मग मागच्या बाजूने टकटक ऐकू आली. लाकडावर लाकूड वाजवल्यासारखी. आणि मग तो आवाज: इरु?

तेव्हापासून आमचं तेच चाललं होतं. ती विचारायची आहेस का, मी म्हणायचे आहे.

उजाडायला लागलं तेव्हा मी उलथापालथ करून एक रबरी बूट आणि एक चप्पल मिळवली होती. हातांनी कौलं उचलून बाजूला टाकत होते. जुनी जड कौलं, खाली त्यांना धरून ठेवणारी माती. कौलं निघत होती, पण खालच्या तुळया माझ्या कमरेएवढ्या जाड. त्यांना मी नुसती बिलगून ओढत होते. तीन वेळा जमीन पुन्हा हलली. प्रत्येक वेळी ढिगारा करकरत आणखी थोडा खाली बसायचा आणि मी उडी मारून रस्त्यावर पळायचे. पळून झालं की लाज वाटून परत यायचे.

“इरु?”

“इमास.”

“काय वाजलं?”

“सात वाजून गेले असतील.”

“आज शाळा नसेल,” ती म्हणाली.

तिचे पाय कशाखाली तरी अडकले होते. दुखतं का विचारलं तर म्हणाली, आधी दुखत होतं, आता नाही. हे बरं की वाईट ते मला कळेना. तिचा रॉकेलचा हीटर पेटलेला नव्हता ना, असंही मी विचारलं. ती म्हणाली, “नाही. तू खाली येऊन चहा घेतेस तेव्हाच लावते मी.” ही गोष्ट मला माहीत नव्हती. आठ महिने मी समजत होते की ती खोली नेहमीच गरम असते.

साडेसातच्या सुमाराला समोरचे कानेमोतो आले. पन्नाशीचे, थोराड अंगाचे गृहस्थ. आजोबा कोरियातून आलेले, पण त्यांचा स्वतःचा जन्म याच गल्लीतला. बायकोला बाहेर काढून शाळेच्या मैदानात बसवून ते आले होते. हातात गाडीचा जॅक होता. त्यांनी फटीशी गुडघे टेकले.

“ओकुबो-सान, मी कानेमोतो.”

“तुमची बायको?”

“आहे. हात मोडलाय, पण आहे.”

“मग तिच्यापाशी जा.”

“जातो,” ते म्हणाले आणि तुळईखाली जॅक लावायला लागले.

मी तुळई धरून ठेवली. जॅक दोन बोटं वर गेला, लाकूड किंचाळलं, आणि तुळई उचलली जाण्याऐवजी जॅकच खालच्या भुसभुशीत मातीत रुतायला लागला. त्यांनी खाली फळी घातली. फळी मोडली. आणखी एक घातली. पाऊण तास आम्ही तेच करत होतो. त्यांच्या नाकावरून घाम टपकत होता आणि बाहेर एवढी थंडी होती की माझ्या श्वासाची वाफ दिसत होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी त्यांच्या नावाने हाक मारली. पलीकडच्या गल्लीत त्यांच्या भावाचं घर होतं. त्या माणसाने एवढंच सांगितलं की भावाचा आवाज येतोय.

कानेमोतोंनी माझ्याकडे पाहिलं. “करवत घेऊन लगेच येतो,” ते म्हणाले. जॅक तिथेच ठेवून गेले. ते खोटं बोलत नव्हते. त्या वेळी त्यांनाही तसंच वाटत असणार.

ते गेल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर दुसरं माणूस नव्हतं म्हणून मी काहीतरी करत होते. आता एक माणूस येऊन, त्याच्या ताकदीने करून बघून गेला होता. म्हणजे हे होण्यासारखं नाही, हे मला कळलं होतं.

मग धूर दिसला.

आधी गल्लीच्या टोकाला, चार-पाच घरांपलीकडे, काळा, जाड. रबर जळत होतं. कोणीतरी पाण्याचा पाइप आणला, नळाला लावला, नळातून नुसती हवा आली. दोन बायका आणि एक म्हातारा गटारातलं पाणी बादलीने फेकत होते. मी त्यांना मदतीला बोलवायला तोंड उघडलं आणि मला शब्दच सुचेना. मदत करा, हे जपानीत कसं म्हणतात? ते मला पुण्याच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी मराठीत ओरडले, “अहो, इकडे या, इथे माणूस आहे.” म्हाताऱ्याने वळून पाहिलं, त्याला काही समजलं नाही, तो पुन्हा बादली भरायला वाकला.

“इरु?”

“इमास.”

“बुटांचा वास येतोय,” ओबाचान म्हणाली.

“आग लांब आहे,” मी म्हटलं. “लोक विझवताहेत.”

तिच्या घराला लागून असलेल्या शेजारच्या घरातल्या कारखान्यात काय काय भरलेलं आहे हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. पटकन पेटणाऱ्या सोल्यूशनचे डबे कुठल्या भिंतीशी रचलेले असतात, हेही.

मी पुन्हा कौलं उचलायला लागले. आता कुठली उचलतेय याचंही भान नव्हतं. एकच कौल इकडून तिकडे ठेवत होते. नखं तुटली होती आणि ते दुखत नव्हतं. धूर आता गल्लीतून जमिनीलगत येत होता. तीन घरांपलीकडे काहीतरी धडाडलं आणि छपरावरून ज्वाळा वर आली. एवढ्या जवळून घर जळताना मी कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्याला झळ लागली. मघाची थंडी कुठल्या कुठे गेली.

म्हातारा आणि त्या दोन बायका बादल्या टाकून निघाले. जाताना त्यातली एक माझ्या दंडाला धरून ओढायला लागली. “चल, चल,” ती म्हणत होती. मी ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं. तिने बोटाकडे पाहिलं, माझा दंड सोडला, ढिगाऱ्यासमोर कमरेत वाकून, तिकडे मेलेल्या माणसाला जोडतात तसे हात जोडले आणि गेली. जिवंत माणसासमोर हात जोडून गेली.

गल्लीत मी एकटी उरले.

मी फटीशी गेले. धुरामुळे डोळे उघडत नव्हते. “ओबाचान.”

“इरु?”

“इमास.”

आतून खोकल्याचा आवाज आला. बराच वेळ. मग ती काहीतरी म्हणाली ते मला कळलं नाही. मी म्हटलं, “काय? काय म्हणालात?”

“इने,” ती म्हणाली. मग पुन्हा, थोडं लांबवून, “इने, इने.”

सकाळपासून आमच्यात एकच क्रियापद चाललं होतं. इरु म्हणजे असणं, राहणं. इरु? आहेस का? इमास. आहे. आणि ‘इते’ म्हणजे राहा. पुण्याच्या वर्गात आम्ही मुलींनी तो शब्द मराठीतल्या ‘इथे’वरून पाठ केला होता: इते, इथे राहा. ‘इते ने’ म्हणजे इथे राहा हं. धुराने तिचा गळा भरला होता, मधलं अक्षर गिळलं गेलं असणार. ती मला राहा म्हणत होती. राहा हं, राहा.

मी म्हटलं, “हो.”

मी ‘हो’ म्हटलं हे मला पक्कं आठवतं.

मग पुन्हा जमीन हलली. शेजारचं घर, जे आमच्या घरावर रेललं होतं, ते आणखी खाली आलं, आणि त्याच्यामागून आगीचा लोळ आमच्या ढिगाऱ्याच्या वर, माझ्या डोक्याच्या वर आला. मी उठले. दोन पावलं मागे गेले, तोंड तिच्याकडेच होतं. आणखी दोन. ती अजून म्हणत होती. आवाज मोठा झाला होता, तिच्या अंगात जेवढा होता तेवढा सगळा. इने, इने.

मी वळले आणि पळाले. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल, आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून. गल्लीचं तोंड आलं तरी हात काढले नाहीत. मोठा रस्ता ओलांडला, शाळेच्या फाटकात शिरले, तिथे कोणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली, तेव्हा हात खाली घ्यावे लागले.

गल्ली दुसऱ्या दिवशीपर्यंत जळत होती.

शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही काही शे माणसं जमिनीवर पुठ्ठे अंथरून राहिलो. मी कोणाशी बोलत नव्हते. माझ्या शेजारी कानेमोतो आणि त्यांची बायको होती. भाऊ वाचला नव्हता. ते मला भाताचे गोळे आणून द्यायचे. ओबाचानबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. पण ते मला पाहायचे तेव्हा मला वाटायचं, यांना ठाऊक आहे. मी तिच्याशी बोलत होते हे यांनी स्वतः ऐकलंय. हे कोणाला तरी सांगतील.

चौथ्या दिवशी ओबाचानची मुलगी आली. साचिको, पंचेचाळीस-एक वर्षांची. शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातून, बोटीने, बसने आणि शेवटचे बारा किलोमीटर चालत. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या मांडीवर पांढऱ्या कापडात बांधलेला एक लहानसा डबा होता. राखेतून जे मिळालं ते.

“तुम्ही जोत्सुना-सान,” ती म्हणाली. “आई फोनवर तुमच्याबद्दल सांगायची.”

मी मान खाली घातली.

“एकच विचारते. आई काही बोलली का? तुम्हाला काही ऐकू आलं?”

कानेमोतो हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांच्या हातातली चहाची वाटी जिथल्या तिथे थांबलेली मला दिसली.

“नाही,” मी म्हटलं. “काही आवाज नव्हता. त्या लगेच गेल्या असणार. पहिल्याच हादऱ्यात.”

साचिकोने डोळे मिटले. मग जमिनीला कपाळ टेकून तिने माझे आभार मानले. आईच्या जवळ राहिल्याबद्दल.

कानेमोतोंनी चहा संपवला. वाटी खाली ठेवली. संध्याकाळी त्यांनी मला भाताचा गोळा दिला, तेव्हा एवढंच म्हणाले, “थंडी आहे. नीट पांघरून झोपा.”

बाराव्या दिवशी मी भारतात परतले. वाईच्या घरी महिनाभर मला स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. आई चूल पेटवायची तेव्हा मी अंगणात जाऊन बसायचे. वडिलांनी एकदाच विचारलं, “तिथे काय झालं ते बोलायचंय का?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पुढे पुण्यात नोकरी धरली, लग्न झालं, मुलगी झाली. चाकणच्या कारखान्यांत जपानी लोक यायला लागले, तशी दुभाषी म्हणून मला कामं मिळत गेली. माझं जपानी चांगलं आहे असं सगळे म्हणायचे. दर नववर्षाला साचिकोचं कार्ड यायचं, दोन ओळींचं, आणि मी दोन ओळींचं पाठवायचे. त्या दोन ओळी लिहायला मला आठवडा लागायचा.

अठरा वर्षांनी एका कंपनीच्या लोकांबरोबर ओसाकाला जायचं काम आलं. काम संपल्यावर दोन दिवस मोकळे होते. मी साचिकोला कळवलं आणि एहिमेची गाडी धरली.

तिचं गाव समुद्राकाठी, डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर संत्र्याच्या बागा. घरात ती एकटीच होती, नवरा बागेत गेला होता. तिने टेबलावर संत्र्यांची टोपली ठेवली, चहा ओतला, आणि आम्ही माझ्या मुलीबद्दल, तिच्या गुडघेदुखीबद्दल बोललो. अर्धा तास गेला. गाडीत पाठ केलेली वाक्यं मला एकही आठवेना.

“साचिको-सान,” मी म्हटलं, “त्या वेळी शाळेत मी तुमच्याशी खोटं बोलले.”

ती संत्रं सोलत होती. हात थांबले नाहीत. “हो,” ती म्हणाली. “कानेमोतो-सान म्हणाले होते. आईचं आणि त्यांचं बोलणं झालं होतं, तेव्हा तुम्ही तिथेच होतात.”

“कधी म्हणाले?”

“त्याच वर्षी. उन्हाळ्यात.”

“मग तुम्ही मला विचारलं का नाही?”

“तुम्ही सांगाल तेव्हा ऐकायचं असं मी ठरवलं होतं.” तिने सोललेलं संत्रं माझ्यासमोर ठेवलं. “सांगा.”

मी सगळं सांगितलं. पायातल्या मोज्यांपासून. हीटरचं सांगितलं. जॅकचं सांगितलं. हात जोडून गेलेल्या बाईचं सांगितलं. शेवटाला आले तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती, जसं काही तो धूर पुन्हा खोलीत शिरला होता.

“शेवटी त्यांनी मला राहायला सांगितलं,” मी म्हटलं. “आणि मी राहिले नाही.”

“राहायला सांगितलं?”

“हो.”

“कसं?”

“म्हणजे?”

“म्हणजे कुठल्या शब्दांत?” साचिको म्हणाली. “जसं ऐकलंत तसं सांगा.”

“इने,” मी म्हटलं. “आधी एकदा. मग इने, इने. खूप वेळा.”

साचिको उठली. मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि हात धूत राहिली. संत्र्याचा रस धुवायला एवढा वेळ लागत नाही. नळ बंद करून ती परत आली आणि समोर बसण्याऐवजी माझ्या शेजारी बसली.

“आमच्या इथल्या बोलीत इने म्हणजे जा,” ती म्हणाली. “निघ. घरी पळ. लहानपणी आम्ही बागेत कामाच्या मध्ये लुडबुड करायला लागलो की आई म्हणायची, इने, इने. बाहेरच्या माणसाला नाही कोणी असं म्हणत. हिडीसफिडीस केल्यासारखं वाटतं. घरच्या पोरांना म्हणतात.”

इतकी वर्षं मी या भाषेवर पोट भरत होते. दुसऱ्यांचे करार, दुसऱ्यांची भांडणं, शब्दन् शब्द तपासून सांगत होते. हा एक शब्द तपासून बघावा असं मला कधीही वाटलं नव्हतं. त्याचा दुसरा काही अर्थ असू शकेल असंच वाटलं नव्हतं.

“आईने तुम्हाला घालवलं,” साचिको म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. “तिने जा म्हटलं आणि तुम्ही गेलात. तिला ते कळलं असेल. तुमचा आवाज थांबला तेव्हा.”

इथेच मी गप्प बसू शकले असते. तिलाही तेच हवं होतं, मलाही. पण एकदा मी तिच्याशी खोटं बोलले होते.

“साचिको-सान, मला ते ‘जा’ असं कळलंच नव्हतं. मला वाटलं त्या राहा म्हणताहेत. मी त्यांना हो म्हटलं. आणि तरी मी पळाले. कान झाकून पळाले. त्या किती वेळ हाका मारत होत्या ते मला माहीत नाही.”

बाहेर संत्री वाहणारी रुळांवरची छोटी गाडी बागेत वर चढत होती, तिच्या यंत्राचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“तेवीस वर्षांच्या होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तिथे असते तर,” असं म्हणून ती थांबली. टेबलावरच्या माझ्या हातावर तिने हात ठेवला, तो थंड आणि ओला होता.

“एक मागते,” ती म्हणाली. “तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. तेव्हा कोणी आवाज टेप करून ठेवत नसे. तिने म्हटलं होतं तसं एकदा म्हणून दाखवाल?”

मी नको म्हणणार होते. पण मला तो आवाज चढउतारासकट येत होता. पहिलं ‘इने’ आखूड, दुसरं थोडं लांबवलेलं, मध्ये एक श्वास. दुसऱ्या कुठल्याच माणसाचा आवाज मला इतका पाठ नाही.

मी म्हटलं.

साचिकोने डोळे मिटले होते. तिला काय ऐकू आलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र अजून दुसरंच ऐकू येत होतं.

“पुन्हा एकदा,” ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.